अंथरुणाला कोण खिळवतं?

आपल्या मराठीत म्हातारपणाच्या आजारासाठी दोन वाक्प्रचार आहेत. एक ‘अंथरूण धरणे’ आणि दुसरा ‘अंथरुणाला खिळणे’. पहिल्यात माणूस आपणहून अंथरूण धरतो. दुसऱ्यात त्याला खिळे ठोकलेले असतात, पण ते कोणी ठोकले हे वाक्प्रचार सांगत नाही. शाळेत ‘वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न मी तीस-बत्तीस वर्षं घातला. मुलं ठरलेलं वाक्य लिहायची, ‘आजोबा पडले आणि अंथरुणाला खिळले.’ पैकीच्या पैकी गुण!

हे खिळे कोणी ठोकले असा प्रश्न विचारणारी एक बाई इंग्लंडमध्ये होऊन गेली. डॉ. मार्जरी वॉरन तिचं नाव. आपल्याकडे फ्लॉरेन्स नाइटिंगेल पाठ्यपुस्तकात असते, दिव्यासकट. मार्जरी वॉरन कुठेच नसते. गेल्या वर्षभरात म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषेबद्दल मी बरंच वाचलं (का वाचलं ते पुढे येईलच), त्यात ही बाई भेटली आणि तिच्याबरोबर आणखी एक नर्सही. त्या दोघींबद्दल लिहायचं आहे. पण इतिहासाच्या शिक्षिकेला पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय राहवत नाही, तेव्हा थोडा धीर धरा.

इंग्लंडमध्ये 1834 साली गरिबांसाठीचा नवा कायदा आला आणि गावोगावच्या ‘वर्कहाउस’ना त्याने कडक रूप दिलं. ज्याला खायला नाही त्याने तिथे जायचं, काम करायचं आणि तिथलं अन्न खायचं. हेतू असा की आतलं जिणं बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुराच्या जिण्यापेक्षाही वाईट ठेवायचं, म्हणजे आळशी माणसं येणार नाहीत. झालं असं की धडधाकट माणसं आली नाहीतच, आले ते म्हातारे, आजारी, लुळेपांगळे आणि अनाथ. वर्कहाउसचा आजाऱ्यांचा विभाग म्हणजे ‘इन्फर्मरी’ फुगत गेला. तिथे शुश्रूषा कोण करायचं? तर त्याच वर्कहाउसमधल्या जरा हिंडत्याफिरत्या बायका. शिक्षण नाही, पगार नाही. कुठे थोडं जास्त जेवण, कुठे बिअर.

डिसेंबर 1864 मध्ये लंडनच्या होबर्न वर्कहाउसमध्ये हेळसांड झालेला टिमथी डॅली नावाचा एक मजूर मेला. अंगभर पडून राहिल्याच्या जखमा होत्या. वर्तमानपत्रांनी ते प्रकरण लावून धरलं आणि नाइटिंगेलबाईंनी ती संधी साधून सरकारला पत्र लिहिलं. बाई खाटेवर पडून राज्यकारभार हलवत असत, हे त्यांचं वेगळंच कौतुक. पुढच्याच वर्षी, 1865 मध्ये, विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याच्या पैशातून लिव्हरपूलच्या वर्कहाउस इन्फर्मरीत ॲग्नेस जोन्स ही शिकलेली नर्स बारा प्रशिक्षित नर्सेस घेऊन दाखल झाली. गरिबांच्या खाटेशी शिकलेली नर्स उभी राहण्याची ती सुरुवात. तीन वर्षांत, 1868 मध्ये, ॲग्नेस तिथेच टायफसने गेली. वय 35.

नाइटिंगेलबाईंनी आपल्या शुश्रूषेवरच्या पुस्तकात एक गोष्ट ठासून सांगितली होती. रोग्याच्या अंगाला पडून राहिल्याची जखम झाली तर दोष बहुधा रोगाचा नसतो, शुश्रूषेचा असतो. त्याच शतकात फ्रान्सचे थोर मेंदुतज्ज्ञ शार्को मात्र म्हणत होते की अशा जखमा मज्जासंस्थेच्या बिघाडातून येतात, नर्सने काहीही केलं तरी त्या व्हायच्याच. मोठ्या डॉक्टरने ‘व्हायचंच’ म्हटलं की बाकीच्यांची सुटका होते. हा वाद मनात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता 1935 साल. लंडनच्या पश्चिमेला आयल्वर्थ नावाच्या भागात वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटल होतं. वर्कहाउसच्या इन्फर्मऱ्या तोवर कौन्सिलच्या ताब्यात आल्या होत्या. हॉस्पिटलच्या शेजारची जुनी इमारत हॉस्पिटलला जोडली गेली आणि तिच्याबरोबर 714 माणसं आली. ‘क्रॉनिक सिक’ म्हणजे जुनाट आजारी असा एकच शिक्का सगळ्यांवर. ती जबाबदारी कोणाला हवी असणार? ती आली डॉ. वॉरनकडे. जन्म 1897 चा, म्हणजे वय अवघं 38, आणि मूळची शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर. म्हाताऱ्यांच्या औषधोपचाराचं खास शिक्षण तिला नव्हतं. तसं शिक्षण तेव्हा कुठे होतंच कुठे म्हणा! न्यूयॉर्कच्या इग्नाट्झ नॅशर या डॉक्टरांनी 1909 मध्ये ‘जेरिॲट्रिक्स’ हा शब्द घडवला आणि 1914 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला होता, पण शब्द झाला म्हणून वॉर्ड होत नसतो.

(आपल्याकडे आयुर्वेदाच्या आठ अंगांत ‘जरा’ हे एक अंग आहे, हे कोणीतरी मला लगेच लिहील, म्हणून आधीच लिहून टाकते. आहे. पण त्यातला भर म्हातारपण लांबवण्यावर आहे. या विषयाला मला चरकाचे चार पाद जास्त जवळचे वाटतात. वैद्य, औषध आणि रोगी यांच्या बरोबरीने तिथे परिचारक आहे आणि त्याच्या अंगी ज्ञान, दक्षता, प्रेम आणि स्वच्छता हवी असं म्हटलं आहे. चौथा खांब आहे तो, वैद्याचा हरकाम्या नव्हे.)

तर डॉ. वॉरन त्या इमारतीत गेली. लांबच लांब वॉर्ड, मळकट भिंती, कमी उजेड. तरुण अपंग, म्हातारे, अर्धांगवायूचे, वेड लागलेले, नुसतेच बेघर, सगळे एकमेकांशेजारी. पुष्कळांच्या खाटांना कडेने कठडे. बहुतेकांच्या आजाराचं निदान कधी झालेलंच नव्हतं, कारण निदान करून उपयोग काय असा विचार. पडून पडून गुडघे आणि कोपरे आखडलेले, पाठीला जखमा, कपड्यात लघवी आणि डोळ्यांत कसलीच इच्छा नाही.

तिने काय केलं? खरं सांगायचं तर काहीच चमत्कार केला नाही. तिने 714 पैकी प्रत्येकाला तपासलं. बस्स. डॉक्टर आजाऱ्याला तपासतो तसं तपासलं. मग त्यांचे गट पाडले. उठून बसू शकणारे वेगळे. खाटेवरच पण लघवी-शौचावर ताबा असलेले वेगळे. ताबा नसलेले वेगळे. गोंधळलेले पण शांत असलेले वेगळे. आणि ज्यांचा इतरांना त्रास होतो असे भ्रमिष्ट वेगळे. शिक्षकाला हे लगेच समजतं. साठ मुलांच्या वर्गाला ‘ढ तुकडी’ म्हणून सोडून दिलं की कोणीच शिकत नाही. कोणाला वाचता येत नाही, कोणाला नीट दिसत नाही आणि कोणाला घरी जेवायला मिळत नाही हे वेगळं काढलं की निम्मा वर्ग हलायला लागतो.

मग तिने वॉर्ड बदलले. भिंतींना फिकट मलईसारखा रंग, चांगला उजेड, नव्या गाद्या, खाटेशेजारी आपल्या वस्तू ठेवायला कपाट, खाटेवरचं टेबल, नक्षीचे पडदे, लालभडक पांघरुणं, रेडिओ ऐकायला कानाला लावायचे हेडफोन. धरून चालायला कठडे, न घसरणारी जमीन, बसायला खुर्च्या. हे वाचून एखादा म्हणेल, पांघरुणाच्या रंगाने काय होतं! ज्याने आठवडाभर हॉस्पिटलच्या छताकडे बघत काढला आहे तो असं म्हणणार नाही.

आणि मुख्य म्हणजे माणसांना खाटेवरून उठवलं. अर्धांगवायू झालेल्याला आधी खाटेवरच वळायला, मग बसायला, मग उभं राहायला, मग चालायला शिकवायचं. पाय कापलेल्याला लाकडी पाय बसवायचा. हे एकट्या डॉक्टरचं काम नव्हे. नर्स, व्यायाम करवून घेणारी, हातांना काम शिकवणारी, घरची परिस्थिती बघणारी समाजसेविका, या सगळ्यांनी मिळून करायचं. पण यातली नर्स चोवीस तास तिथे असते. आजी स्वतः कप धरतील की नर्सच त्यांना पाजून मोकळी होईल, हे रोज सहा वेळा ठरतं आणि तिथेच खिळा बसतो किंवा निघतो. पाजून टाकलं तर दोन मिनिटं लागतात, धरू दिलं तर वीस. वॉर्डात नर्स किती आहेत यावर हा सगळा हिशेब अवलंबून आहे, आजही.

काही काळात त्यातली कितीतरी माणसं घरी गेली, काही वृद्धनिवासात गेली आणि 714 खाटांच्या जागी 240 पुरू लागल्या. मोकळ्या झालेल्या जागा क्षयाच्या रोग्यांना मिळाल्या. 1943 च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आणि 1946 मध्ये लॅन्सेटमध्ये तिने लेख लिहिले. म्हणणं साधं होतं. अशा रोग्यांचा विभाग साध्या हॉस्पिटलातच असावा, एका बाजूच्या आश्रमात नको, म्हणजे त्यांची तपासणी होईल आणि डॉक्टरीच्या विद्यार्थ्यांना आणि नर्सेसना ते शिकायला मिळेल. तिकडे एसेक्समध्ये ऑर्सेट इथे लायनेल कॉसिन हेही मूळचे शल्यचिकित्सकच. मांडीचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्यांवर लवकर शस्त्रक्रिया करून त्यांना लवकर उभं करायचा सपाटा त्यांनी लावला. पुढे ते ऑक्सफर्डला गेले आणि तिथे त्यांनी दिवसा येऊन संध्याकाळी घरी जाता येईल असं ‘डे हॉस्पिटल’ काढलं. 1958 मध्ये त्याला खास इमारत मिळाली.

त्या काळी ‘विश्रांती’ हे सर्वमान्य औषध होतं हे लक्षात घेतलं म्हणजे या मंडळींचं धाडस कळतं. बाळंतीण असो की हर्नियाचा रोगी, झोपवून ठेवायचं. 1947 च्या डिसेंबरात रिचर्ड ॲशर या लंडनच्याच डॉक्टरांनी खाटेवर पडण्याचे धोके या विषयावर एक खुसखुशीत लेख लिहिला. रक्ताच्या गुठळ्या, झिजणारी हाडं, वाया जाणारे स्नायू, तुंबणारी लघवी, बद्धकोष्ठ, जखमा आणि शेवटी खचलेलं मन, अशी एकेका अवयवाची हजेरीच घेतली आहे त्यांनी. मला वाटतं आपल्याकडच्या प्रत्येक घरी ही यादी असावी. आपल्या प्रेमाची रीतच ‘पडून राहा, उठू नका, मी देते’ अशी असते ना!

आता एक शंका. मलाही आली, तुम्हालाही आली असेल. हे सगळं म्हाताऱ्यांवरच्या मायेने झालं की खाटा रिकाम्या करायच्या होत्या म्हणून? दोन्ही. वॉरनच्या लेखांत माया आहे आणि खाटांचा हिशेबही आहे. 1948 च्या जुलैमध्ये ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा नव्या शाखेला जागा मिळाली ती बरीचशी या हिशेबामुळे. म्हाताऱ्यांची खाट अडून राहते, ती मोकळी करून देणारा डॉक्टर हवा! मला यात फार वाईट काही दिसत नाही. सत्कार्याला पुष्कळदा हिशेबाच्या दारानेच आत यावं लागतं. पण हिशेबाच्या दाराने आत आलेल्याला हिशेबाच्या दारानेच बाहेरही काढता येतं, हेही खरं. नव्या शाखेच्या वाट्याला इमारती आल्या त्या बऱ्याच ठिकाणी जुन्या वर्कहाउसच्याच. आपल्या आजोबांना जिथे मरायला नेलं त्याच दारातून आपल्यालाही नेतायत, या भीतीने इंग्लंडमधले म्हातारे पुढे कित्येक वर्षं धसका घेत. आणि 1967 मध्ये बार्बरा रॉब या बाईंनी ‘सॅन्स एव्हरीथिंग’ नावाचं पुस्तक काढून लांबच्या मुक्कामाच्या वॉर्डांत म्हाताऱ्यांचे चष्मे, कवळ्या, कानाची यंत्रं काढून घेतली जातात, त्यांना मारहाण होते, हे चव्हाट्यावर आणलं. म्हणजे वॉरनच्या लालभडक पांघरुणांनंतर तीस वर्षांनीही! इतिहास सरळ रेषेत पुढे जात नाही, हे वर्गात नुसतं सांगितलं होतं. इथे ते वाचताना अंगावर आलं.

वॉरन तोवर हयात नव्हती. 1960 मध्ये युरोपात प्रवास करताना मोटारीच्या अपघातात ती गेली. वय 62.

आता दुसरी बाई, डोरीन नॉर्टन. जन्म 1922. ही नर्स. वॉरनचं थोडंबहुत नाव तरी आहे, हिचं नाव नर्सिंगच्या पुस्तकात एका कोष्टकाला चिकटून राहिलं आहे, ‘नॉर्टन स्केल’. परीक्षेला पाठ करतात, पण बाई कोण ते विचारत नाहीत.

1962 मध्ये नॉर्टन, तिची सहकारी मॅक्लॅरन आणि डॉक्टर एक्स्टन-स्मिथ यांनी हॉस्पिटलमधल्या वृद्धांच्या शुश्रूषेचे प्रश्न या विषयावर एक अहवाल छापला. नर्सच्या रोजच्या कामाची अशी शास्त्रीय तपासणी तोवर फारशी कोणी केली नव्हती. तेव्हा पाठीला चोळायची पद्धत होती. कुठे स्पिरिट, कुठे साबण, कुठे आणखी काही, जो तो आपल्या हॉस्पिटलचा रिवाज सांगणार. (आपल्याकडे स्पिरिट आणि पावडर. माझ्या सासूबाईंच्या आजारात मीही ते हवाली केल्यासारखं करत असे.) नॉर्टनने 250 रोग्यांवर नजर ठेवली. त्यांतल्या 24 टक्क्यांना जखमा झाल्या. आणि कधी? बहुसंख्य जखमा हॉस्पिटलात आल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांत. म्हणजे वर्षानुवर्षं पडून राहिल्याने नव्हे, तर पडल्याबरोबर, जेव्हा सगळ्यांचं लक्ष मूळ आजाराकडे असतं तेव्हा.

मग तिने पाच गोष्टींना गुण दिले. शरीराची अवस्था, मनाची अवस्था, चालणंफिरणं, खाटेवरल्या खाटेवर हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा. प्रत्येकी 1 ते 4. एकूण जास्तीत जास्त 20, कमीत कमी 5. बेरीज 14 किंवा त्याखाली आली की धोका. अर्ध्या मिनिटाचं काम, कोणतंही यंत्र नको. गुणपत्रिका इतकी सोपी असावी की नव्या मुलीलाही रात्रपाळीला भरता यावी. मी आयुष्यभर गुणपत्रिका भरल्या, पण कोणाचा जीव वाचेल अशी एकही भरली नाही!

एक्स्टन-स्मिथनी आणखी एक गंमतीदार वाटेल असा प्रयोग केला होता, 1961 मध्ये. खाटेला यंत्र जोडून रात्रभरात म्हातारा माणूस झोपेत किती वेळा हलतो ते मोजलं. जे रात्रीत 50 पेक्षा जास्त वेळा हलत होते त्यांना जखमा झाल्या नाहीत. जे 20 वेळा किंवा त्याहून कमी, त्यांच्यातल्या बहुतेकांना झाल्या. आपण झोपेत कूस बदलतो ती देवाने दिलेली नर्स आहे. ती दमली की दुसऱ्या नर्सने यायचं, दर दोन तासांनी, आणि कूस बदलायची. नॉर्टनच्या कामाचं सार म्हणाल तर एवढंच. मलम कोणतंही असो, दाब हलवला पाहिजे. नाइटिंगेल आणि शार्को यांच्या वादात शंभर वर्षांनी एका नर्सने वही-पेन्सिल घेऊन निकाल दिला, आणि तो बराचसा नाइटिंगेलच्या बाजूने लागला. बराचसा म्हणते, कारण काही जखमा सगळं करूनही होतात, विशेषतः अगदी शेवटच्या दिवसांत, आणि त्याचा दोष रात्रंदिवस झिजणाऱ्या सुनेवर किंवा नर्सवर टाकणं क्रूरपणाचं आहे.

खाटेचीही एक छोटी कथा आहे. नर्सची पाठ मोडू नये म्हणून खाट उंच हवी आणि म्हाताऱ्याला पाय टेकून उतरता यावं म्हणून ती ठेंगणी हवी. दोघींचं भांडण सोडवायला 1960 च्या दशकात लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये ब्रूस आर्चर यांच्या गटाने वरखाली होणाऱ्या ‘किंग्ज फंड’ खाटेचा नमुना केला. आपल्या हॉस्पिटलांतून आता वरखाली होणाऱ्या खाटा असतात. पण मी पाहिल्यात त्या रात्रंदिवस उंचावरच ठेवलेल्या, कठडे लावून.

आता ते ‘का वाचलं’ त्याबद्दल. आमच्या मोठ्या जाऊबाई, वय 81, दीड वर्षापूर्वी न्यूमोनियाने आमच्या शहरातल्या एका हॉस्पिटलात दाखल झाल्या. स्वतःच्या पायांनी रिक्षातून उतरून आत गेल्या. नाव घेत नाही, कारण डॉक्टर चांगले होते आणि न्यूमोनिया बरा झाला. पण पहिल्याच दिवशी ‘पडतील’ म्हणून कठडे लागले, ‘सारखं उठायला नको’ म्हणून लघवीची नळी लागली, ‘हरवेल’ म्हणून चष्मा आणि कानाचं मशीन घरी पाठवलं. तिसऱ्या रात्री त्या आपल्या वारलेल्या भावाला हाका मारू लागल्या, नळी ओढू लागल्या, मग हात बांधले. अकराव्या दिवशी घरी आणलं ते स्ट्रेचरवरून. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, प्रकृतीत सुधारणा. कार्ड खोटं नव्हतं. फुफ्फुसं सुधारली होती.

‘वय झालं की असं होतं,’ मावशींपासून डॉक्टरांपर्यंत सगळे म्हणाले. मला ते पटेना. म्हणून भाचीकडून इंटरनेटवर शोधायला शिकले आणि अमेरिकेतलं काम सापडलं.

त्या तिसऱ्या रात्रीला इंग्रजीत ‘डेलिरियम’ म्हणतात. आपल्या जुन्या शब्दात वात होणं, भ्रम होणं. येल विद्यापीठातल्या डॉ. शेरॉन इनूये यांनी 1999 मध्ये 70 वर्षं आणि त्यावरच्या 852 रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या कार्यक्रमात औषध एकही नव्हतं. दिवसातून तीन वेळा चालवायचं, निदान हातपाय हलवायचे. चष्मा डोळ्यावर ठेवायचा. ऐकण्याची सोय करायची. पाणी प्यायला द्यायचं. आज वार कोणता, नर्सचं नाव काय, हे फळ्यावर लिहायचं आणि गप्पा मारायच्या. झोपेची गोळी न देता गरम दूध, मंद संगीत, पाठीवरून हात. रात्री गोळ्या कुटायचा आवाज होऊ नये म्हणून आवाज न करणारं यंत्र! हे सगळं बरंचसं शिकवलेल्या स्वयंसेवकांनी केलं. नेहमीच्या वॉर्डात 15 टक्के रोग्यांना भ्रम झाला, या वॉर्डात 9.9 टक्क्यांना. आकडा लहान वाटतो. पण त्या फरकातल्या एकीला मी ओळखते.

त्याआधी 1995 मध्ये क्लीव्हलँडला 651 वृद्ध रोग्यांवर झालेल्या प्रयोगात खास वृद्धांसाठी रचलेल्या वॉर्डातून 14 टक्के रोग्यांना घरी न जाता कायमच्या शुश्रूषागृहात जावं लागलं, तर साध्या वॉर्डातून 22 टक्क्यांना. (त्याच गावच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात डोरीन नॉर्टनने उतारवयात अध्यापन केलं होतं. हे वाचून मला उगीचच बरं वाटलं.) आणि 1992 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाकडून ‘नाइश’ नावाचा कार्यक्रम निघाला, तो नर्सेसचा. प्रत्येक वॉर्डातल्या एखाद्या नर्सला वृद्धांच्या शुश्रूषेचं जास्तीचं शिक्षण द्यायचं आणि बाकीच्यांनी अडलं की तिला विचारायचं. त्यांच्यातल्या टेरी फुल्मर या नर्सने ‘स्पाइसेस’ म्हणजे मसाले असा शब्द जुळवला. झोप, खाणं, लघवीवरचा ताबा, गोंधळ, पडणं, त्वचा. रोज या सहा डब्यांची झाकणं उघडून बघायची. आम्ही ‘तानापिहिनिपाजा’ पाठ करून घेत होतो, त्यातलाच प्रकार.

आपल्याकडे काहीच नाही असं म्हणायची मला सवय नाही. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं तेव्हा समाजाने काय बोल लावले ते आपण जाणतो. त्या बोलांचा उरलेला भाग अजून शुश्रूषेच्या पगारात दिसतो. वृद्धांसाठी वेगळा विभाग आधी मद्रासने काढला, 1978 मध्ये सरकारी जनरल हॉस्पिटलात डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी. 2007 च्या कायद्यात ज्येष्ठांसाठी सरकारी हॉस्पिटलात शक्यतो खाटा आणि वेगळी रांग यांची तरतूद आली. 2010-11 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वृद्धांचा वॉर्ड आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजसारख्या आठ ठिकाणी मोठी केंद्रं ठरली. 2011 च्या जनगणनेत साठीच्या पुढचे आपण दहा कोटींहून अधिक होतो. भारतीय परिचर्या परिषदेचा वृद्धशुश्रूषेचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रमही आहे. पण प्रत्यक्षात आपल्या घरांत ही शुश्रूषा करते ती ब्युरोची बाई, बारा तासांची पाळी, शिक्षण कधी सातवी, कधी दहावी. लिव्हरपूलला ॲग्नेस जोन्सच्या आधी जी बाई होती तिच्यापासून ती फार दूर नाही, फक्त तिच्या हाती मोबाइल आहे.

जाऊबाईंकडे आलेली ब्युरोची बाई हुशार निघाली. मी तिला नॉर्टनचं कोष्टक मराठीत करून वहीत आखून दिलं. पहिल्या दिवशी बेरीज 11. ती दर दोन तासांनी कूस बदलून वेळ लिहायची, अक्षर वाकडं पण वेळ चोख. फिजिओथेरपीचा मुलगा आठवड्यातून तीनदा यायचा, बाकी दिवशी तीच कॉटच्या कडेला बसवायची. सातव्या आठवड्यात बेरीज 15 झाली. आता 17 आहे. वॉकर घेऊन त्या ओट्यापर्यंत जातात आणि भाजीत मीठ कमी असल्याचं सांगून येतात.

मी मात्र माझ्यापुरता एक कागद करून फ्रिजवर लावला आहे. मला हॉस्पिटलात न्यायची वेळ आली तर: चष्मा डोळ्यावर ठेवा. कवळी तोंडात, डबीत नको. लघवीची नळी लावली तर ‘कधी काढणार’ हे रोज विचारा. दुसऱ्या दिवसापासून खुर्चीत बसवा, मी नको म्हटलं तरी. रात्री झोपेची गोळी देण्याआधी गरम दूध देऊन बघा. सूनबाईंनी तो वाचला आणि विचारलं, ‘आई, दूध साखर घालून की बिनसाखरेचं?’ मधुमेहामुळे प्रश्न रास्त होता. बिनसाखरेचं, असं कंसात लिहून ठेवलं आहे.